वगळलेलं गाणं

१

मेलेली बाई गायली, अशी कुणाची तक्रार नव्हती. ती परवानगीशिवाय गायली, ही तक्रार होती.

असल्या तक्रारी स्टुडिओत एकाच टेबलावर यायच्या. त्या टेबलामागे बसायची पन्नाशीची एक बाई. जाड काचांचा चष्मा, करवतीसारखा आवाज, आणि नजर अशी की समोरच्यानं आपला रुमालसुद्धा घाईघाईनं घडी करून ठेवावा. सगळे तिला पाठीमागे भिंगबाई म्हणायचे. तिला ते केव्हाच कळलं होतं आणि खरं सांगायचं तर आवडलंही होतं. तिचं काम साधं होतं. स्टुडिओ आपले जुने सिनेमे छोट्या कंपन्यांना ठरावीक मुदतीसाठी द्यायचा. कंपन्यांनी त्यांच्या डिस्क काढायच्या, घरी बघणाऱ्यांना विकायच्या, आणि त्या कराराबरहुकूम वागतात की नाही हे भिंगबाईनं बघायचं. सासू नुसती न बोलता घरात फिरावी आणि सुनेनं डबे पुसायला घ्यावेत, तसा तिचा दरारा.

त्या सकाळी साहेबांनी तिला बोलावून फोनवर आलेला एक निरोप ऐकवला. आवाज म्हाताऱ्या पुरुषाचा होता, सावकाश बोलणारा.

“तुमचा तो जिन्याचा सिनेमा काल पुन्हा पाहिला. हिरवी शाल घेतलेली ती बाई जिना उतरते, हातातला दिवा विझतो आणि मग ती अंधारात गाते ना, तेवढं मी दर वेळी दोनदा लावतो. ते गाणं तुम्ही ठेवलंत. फार उपकार झाले.”

“ठेवलंत काय ठेवलंत!” साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले. “ते गाणं काढून टाका, असं करारातच आहे. सिनेमा आपला, पण गाणं आपण केव्हाच गाण्याच्या कंपनीला विकून बसलोय. डिस्कवर ते वाजलेलं त्यांच्या वकिलांना कळलं तर आपली सालटी काढतील.”

“एका म्हाताऱ्याला भास झाला असेल.”

“असेल तर तसं लिहा. पण गाणं सापडलं, तर त्या डिस्कवाल्याचे आपल्याकडचे सगळे करार रद्द. सगळा माल चुऱ्यात. संध्याकाळपर्यंत रिपोर्ट द्या.”

जिन्याचा सिनेमा कुणाला माहीत नव्हता? त्यातली नायिका सिनेमा लागायच्या आधीच गेली, स्वतःच्या घरच्या जिन्यावरून पडून. तेव्हापासून लोक म्हणायचे, त्या अंधारातल्या गाण्यातला आवाज पाटीवर नाव असलेल्या मोठ्या गायिकेचा नाहीच. तो मेलेल्या बाईचा आहे. भिंगबाईचा भुतांवर विश्वास नव्हता. पण लहानपणी तो सिनेमा बघून ती कितीतरी दिवस जिन्यावरून एकटी उतरली नव्हती, हेही खरं.

२

डिस्क कंपनीचं ऑफिस म्हणजे खाली गोदाम आणि वर तीन खोल्या. दाराशीच फोनचं टेबल होतं आणि तिथं एक म्हातारी बसली होती. केस पांढरेशुभ्र, पाठ ताठ.

“कोण पाहिजे?” म्हातारीनं विचारलं. एवढेच दोन शब्द, तेही घोगरे. मग तिनं आतल्या खोलीकडे बोट केलं.

आत मालक होता. चाळिशीतला, दाढी वाढलेली, खुर्चीवर बसण्यापेक्षा टेबलाला टेकून उभा राहणारा. भिंगबाईनं निरोप ऐकवला तसा त्याचा चेहरा पिठासारखा झाला.

“बाई, हे शक्यच नाही. मी असा दगडाखाली हात कशाला घालीन?” तो म्हणाला. “हा धंदा कसा चालतो, तुम्हाला काय सांगायचं! घर एकाचं, दार दुसऱ्याचं आणि कडी तिसऱ्याची. चित्र तुमच्याकडून घ्यायचं, गाणं त्यांच्याकडून. मी गाण्याच्या कंपनीला किती विनवण्या केल्या! ते म्हणाले, जुन्या करारात थिएटर आहे, रेडिओ आहे, घरी बघायच्या डिस्क नाहीत. नाहीत म्हणजे नाही. शेवटी तिथं नुसतं व्हायोलिन घातलं आम्ही.”

“आणि करार रद्द झाले तर?”

“तर खालचं सगळं गोदाम यंत्रात घालायचं आणि चुऱ्याचा फोटो तुमच्या साहेबांना पाठवायचा. मुदत संपलेल्या मालाचं मी ते करतोच. एकदा उभा राहून बघितलंय, पुन्हा धीर झाला नाही.” त्यानं जिन्याकडे बघितलं. “हे सिनेमे दुसरं कुणी काढत नाही, बाई. आम्ही बंद झालो की ते गेलेच. आणि मला दुसरं काही येत नाही.”

ऑफिसात माणसं मोजून चार. मालक. खाली गोदाम सांभाळणारे भाऊ. आवाजाचं काम बघणारा एक टकला गृहस्थ, ज्याला सगळे कानसेन म्हणायचे. आणि दारातली ती म्हातारी, मालकाची आत्या. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवला होता. फोन घेणं, कव्हरच्या पाठीमागचा मजकूर लिहिणं, निवेदन वाचणं, असली किरकोळ कामं तिच्याकडे.

“गाणं काढू नका म्हणून कुणी भांडलं होतं का?” भिंगबाईनं विचारलं.

मालकानं मान खाली घातली. “कानसेन. तीन दिवस माझ्याशी बोलला नव्हता.”

३

कानसेन ऐकायच्या खोलीत होता. त्या खोलीच्या भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या. आत शिरलं की स्वतःचाच आवाज कुणीतरी तोंडावर हात ठेवल्यासारखा दबायचा.

“भांडलो, बरोबर आहे,” तो म्हणाला. “त्या सिनेमाचा जीव त्या गाण्यात आहे. पण मी चोर नाही. आणि चोरायला गाणं आणू कुठून? स्टुडिओनं आम्हाला टेप दिली त्यातच ती जागा कोरी होती. गाणं तुमच्याच लोकांनी आधी कापलेलं.”

“कुणाच्या घरी जुनी प्रत असेल.”

“असली तरी काय? डिस्क एकेक बनत नाहीत, बाई. कारखान्यात एक साचा असतो, त्यातून सगळ्या छापून निघतात. एक गायली तर सगळ्या गातील. तुम्हीच बघा.”

भिंगबाई खाली गेली आणि भाऊंना विचारून तीन वेगवेगळ्या खोक्यांतून तीन डिस्क काढून आणल्या. तिन्ही लावल्या. तिन्हीत बाई जिना उतरली, दिवा विझला आणि अंधारात व्हायोलिन वाजलं. गाणं नव्हतं. तिन्ही वेळा भिंगबाईच्या मानेवर काटा मात्र आला, कारण पडद्यावरच्या त्या मेलेल्या बाईचे ओठ हलत होते.

“बघितलंत?” कानसेन म्हणाला. मग दाराकडे बघून त्यानं आवाज खाली केला. “एक सांगू? हसणार नसाल तर. या खोलीत कधीकधी बाई गुणगुणते. मशीन बंद असतं, मी आत एकटाच असतो, आणि कुठूनतरी येतं. हेच गाणं. मी दार उघडलं की बंद.”

“तुम्हाला कानसेन म्हणतात ते उगाच नाही. नको तेही ऐकू येतं.”

“थट्टा करा. मी आता संध्याकाळ झाली की इथं थांबत नाही.”

तो चहा आणायला गेला. भिंगबाई एकटीच बसून राहिली. मशीन बंद होतं. भिंतींमधून काहीच येत नव्हतं, नुसतं तिच्याच कानातलं रक्त वाजत होतं. आणि मग, देवाशपथ, दाराच्या फटीतून तो सूर आला. अगदी बारीक. कुणी ओठ मिटून म्हणावा तसा.

तिनं झटकन दार उघडलं. बाहेर भर दुपारचं ऊन. भाऊ खोकं घेऊन जिना चढत होते, मालक खिडकीशी पाठमोरा उभा होता, आत्या फोनच्या टेबलाशी कव्हराचा मजकूर तपासत बसली होती. तिघांनीही तिच्याकडे बघितलं. तिघांचीही तोंडं मिटलेली.

“कोण गात होतं?” भिंगबाईनं विचारलं.

“कुणी नाही,” भाऊ म्हणाले, आणि खोकं तिथंच टाकून खाली उतरले.

४

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. भिंगबाईनं भाऊंना गोदामाच्या कोपऱ्यात गाठलं आणि ते तिनं काही विचारायच्या आतच बोलायला लागले.

“मालकांना सांगू नका, बाई. ज्यांची कव्हरं चुरगळतात ना, त्या डिस्क मी बाहेर स्वस्तात देतो. त्या जिन्याच्या सिनेमाची एक दिलीय. पियानो जुळवणारे एक म्हातारे आहेत, त्यांना. त्यांनी माझ्या फोनवर मागितली, मी पार्सलनं पाठवली. मालकांना तुम्ही निरोप ऐकवलात तेव्हा मी जिन्यातच होतो, आवाज लगेच ओळखला.”

“चुरगळलेल्या कव्हरात वेगळी डिस्क घातली होती?”

“मी कशाला घालू? त्याच खोक्यातली. तुम्ही एक काढलीत ना, तिच्याच शेजारची.”

म्हणजे कोडं अजूनच घट्ट झालं. एकाच साच्यातल्या, एकाच खोक्यातल्या दोन डिस्क. एक मुकी आणि एक गाणारी. भिंगबाईनं पत्ता घेतला आणि तडक निघाली.

पियानोवाल्यांनी दार स्वतः उघडलं. उंच, बारीक माणूस, शर्टाची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली. पडदे ओढलेले होते आणि आत अंधार होता. ती चाचपडत खुर्चीपर्यंत गेली. ते मात्र सामानातून पाण्यातल्या माशासारखे सरकले.

“डिस्क ऐकायचीय म्हणालात ना? लावतो.” मग ते थांबले. “अरे, तुम्हाला दिवा लागत असेल. बटण दाराजवळ कुठंतरी आहे. मला नक्की सांगता यायचं नाही. बरीच वर्षं लावला नाही मी.”

भिंगबाई अंधारात त्यांच्या दिशेनं वळली.

“पण तुम्ही निरोपात म्हणालात, सिनेमा पाहिला.”

“मग काय म्हणू? वाजवला?” ते हसले. “पाहिलाच. जन्मापासून असेच पाहतो सिनेमे. या कंपनीचेच पाहतो, बाकीच्यांना आमची आठवण नसते.”

त्यांनी रिमोटवरचं एक बटण दाबलं. सिनेमा सुरू झाला आणि त्याच्यावर एक घोगरा, शांत आवाज बोलायला लागला. आंधळ्यांसाठीचं निवेदन. डिस्कवर आवाजाच्या दोन पट्ट्या असतात, दुसरी ही. दिसणारा माणूस कधी तिच्या वाटेला जात नाही.

“ती जिना उतरते,” आवाज म्हणाला. “हिरवी शाल खांद्यावरून घसरते. तिला भान नाही. दिवा विझतो. आता काही दिसत नाही. तुम्हालाही नाही, मलाही नाही. ती गाते.”

आणि निवेदनाचा तो म्हातारा, चिरका गळा गायला लागला.

कुठं सूर फुटत होता, कुठं दम पुरत नव्हता. पण लहानपणी थिएटरच्या अंधारात जे ऐकून भिंगबाईनं आईचा हात घट्ट धरला होता, तेच हे. तीच खाली जाणारी थरथर. पडद्यावरचे ओठ हलत होते आणि मेलेल्या बाईला या वेळी आवाज होता.

गाणं संपल्यावर पियानोवाले म्हणाले, “गळा म्हातारा झालाय. पण जुन्या सिनेमात गायली होती, ती हीच. मी आयुष्यभर तारा जुळवल्या, बाई. दोन गळ्यांत माझी गल्लत होत नाही.”

एक डिस्क गाते, असं धरून ती आली होती. सगळ्याच गात होत्या.

५

चौघांना तिनं ऐकायच्या खोलीत बसवलं. गोदामातलीच एक डिस्क घेतली, रिमोटचं बटण दाबलं आणि गाणं वाजू दिलं. मालक भिंतीला टेकला तो टेकलाच. कानसेनच्या तोंडाचा आ मिटेना.

“ही पट्टी कुणी तपासली?” भिंगबाईनं विचारलं.

“मीच,” कानसेन म्हणाला, “म्हणजे… हे असं आहे बघा. वाचताना समोर कुणी बसलेलं आत्याबाईंना चालत नाही. मी मशीन चालू करून देतो आणि बाहेर जातो. नंतर पडद्यावर आवाजाची लाट दिसते ना, ती बघतो. फार उंच गेली तर खाली करतो, फार बसली तर वर. सगळे असंच करतात.”

“म्हणजे ऐकत नाही. बघता.”

“निवेदन कोण ऐकत बसणार?” असं बोलून त्याचं त्यालाच कसंतरी झालं. खोलीतलं भूत कोण होतं, ते त्याला आत्ता कुठं कळलं.

“वा रे कानसेन!” भिंगबाई म्हणाली. “सगळ्या डोळसांनी आवाज डोळ्यांनी तपासला आणि एका आंधळ्यानं सिनेमा पाहिला.”

“पण आत्या गायली असली तरी ती त्या गायिकेची नक्कल असेल,” मालक कसाबसा म्हणाला. “जुना सिनेमा तिनंही पाहिलाय. एवढंच असेल ना?”

“मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण शाल हिरवी आहे.”

“मग?”

“सिनेमा काळापांढरा आहे, मालक. डिस्कवर शाल राखाडी दिसते. मी तीनदा बघितली. पियानोवाल्यांना ती हिरवी ठाऊक होती, कारण निवेदनात तसं होतं. निवेदन लिहिणाऱ्या माणसाला कुठून ठाऊक? पडद्यावरून नाही. ज्यानं ती शाल समोर बघितली, त्यालाच तिचा रंग सांगता येतो. त्या वेळी कानसेन शाळेत होते, भाऊ या धंद्यात नव्हते आणि तुमचा जन्म झाला नव्हता.” भिंगबाई वळली. “आत्याबाई, तुम्ही शूटिंगला होतात.”

आत्या हातावर हात ठेवून बसली होती. इतका वेळ तिनं कुणाकडे बघितलं नव्हतं.

“दोन शॉटच्या मध्ये ती शाल माझ्याकडेच असायची,” ती म्हणाली. “नायिका चांगली होती. गार लागतंय का गं, म्हणून मलाच पांघरायला द्यायची.”

“आणि गाणं?”

“मी डमी गायचे. मोठ्या गायिकेला वेळ नसायचा, मग शूटिंगपुरतं कुणीतरी गायचं, त्यावर नायिकेनं ओठ हलवायचे. नंतर मोठी येऊन खरं गाऊन जाणार. तशी ती आली, गायली, रेकॉर्ड निघाली. पण दिग्दर्शकांनी सिनेमात माझंच ठेवलं. म्हणाले, हिचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आहे, तोच हवा. पाटीवर नाव मोठीचं. करारात नाव मोठीचं. मला म्हणाले, बोलू नकोस, पुढच्या सिनेमात तुला देऊ.”

“दिलं?”

“नायिका पडली, सिनेमा लागला आणि लोक म्हणाले, भूत गातं. मग कुणाला काय सांगायचं?” आत्या हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. “माझी तक्रार नव्हती हो. तो सिनेमा कुठं लागला की मी जाऊन मागं बसायचे. तेवढं माझं होतं. मग तुम्ही तेही कापलंत, आणि माझ्याच भाच्याच्या हातानं तिथं व्हायोलिन घातलंत.”

“आत्या, मला सांगायचं होतंस!” मालक ओरडलाच.

“सांगून तू काय करणार होतास, राजा? कराराला आत्या नसते.” तिनं भिंगबाईकडे बघितलं. “मी मुद्दाम केलं. याला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, आंधळ्यांचीच पट्टी, कुणी ऐकणार नाही. ज्यांनी ऐकलं त्यांना कळेल. लिहा तुम्ही काय लिहायचं ते.”

मालक आत्याच्या पायाशी येऊन बसला.

६

भिंगबाईनं पुष्कळ चोर धरले होते. धरल्यावर इतकं वाईट तिला कधीच वाटलं नव्हतं. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली, चष्मा पुसला, आणि साहेबांना फोन लावला. सगळ्यांना ऐकू जाईल असा.

“साहेब, गाणं सापडलं. सगळ्या डिस्कवर आहे. निवेदनात.”

पलीकडून जे शब्द आले ते इथं सांगण्यासारखे नाहीत. ते संपेपर्यंत ती थांबली.

“आता माझं ऐका. विकायला काढायच्या आधी नमुन्याची डिस्क मंजुरीसाठी आपल्याकडे आली होती. दोन्ही पट्ट्या ऐकून मंजूर करायची, असा नियम तुम्हीच केलाय. मंजुरी तुम्हीच दिलीत.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

“आणखी एक. आपल्या करारात लिहिलंय, या डिस्कसाठी जे जे नवीन केलं जाईल, कव्हर, मजकूर, निवेदन, ते सगळं स्टुडिओचं. म्हणजे हे गाणं कंपनीनं नाही गायलं, साहेब. आपणच गायलोय. कुंपणानंच शेत खाल्लं, आता दुसऱ्याचा बैल कसा धरणार?”

साहेब खोकले. पुन्हा बोलले तेव्हा आवाजात लोणी आलं होतं. “बाई, तुम्ही हुशार आहात. उगाच वाढवायला नको. असं लिहा, की चित्रपटाच्या मूळ आवाजात गाणं नाही. खरंच नाही ना? करार चालू राहू देत. पुढच्या मालात निवेदन बदला. आहे तो संपू दे, आंधळ्यांची पट्टी कोण ऐकतंय! फक्त त्या म्हाताऱ्याचं तोंड बंद करा. त्याला सांगा, तुम्ही चुकीचं ऐकलंत. उद्या वकिलांनी त्याला विचारलं, तर त्यानं तेच सांगितलं पाहिजे. तसं झालं नाही, तर मंजुरी गेली खड्ड्यात, मी सगळं बंद करीन.”

फोन बंद झाला. मालकानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. गोदाम वाचलं होतं. भाऊंनी डोळे पुसले.

“म्हणजे हेही त्यांचंच झालं?” आत्यानं विचारलं. “आता गायले ते?”

भिंगबाईला तिच्याशी खोटं बोलवेना. “हो,” ती म्हणाली. “पहिलं मोठीच्या नावावर, दुसरं स्टुडिओच्या.”

“आत्या, नको,” मालक एकदम उठला. “तू त्यांचं ऐकू नकोस, काही करू नकोस. आपण सगळ्यांना सांगू. पेपरात देऊ. मरू दे ती कंपनी.”

“मरू दे म्हणणं सोपं असतं, राजा. एकदा चुरा बघून आलास तेव्हा दोन दिवस जेवला नव्हतास.” आत्या उठली, पदर नीट केला. “त्या गृहस्थांना कोण फोन करणार?”

“मी करते,” भिंगबाई म्हणाली.

“तुमचा आवाज ऐकून ते घाबरतील. फोन करणं माझं काम आहे.”

ती आपल्या टेबलापाशी जाऊन बसली. भिंगबाईनं नंबर समोर ठेवला. बाकीचे दारात उभे राहिले. आत जायचं की निघून जायचं, कुणालाच कळेना. पलीकडे घंटी वाजली आणि पियानोवाल्यांचा सावकाश आवाज आला.

“बोला.”

“डिस्क कंपनीतून बोलतेय,” आत्या म्हणाली. “तुमचा निरोप मिळाला. तुमची ऐकण्यात चूक झाली, असं कळवायचं होतं. त्या सिनेमात गाणं नाही.”



“तुम्ही!” पियानोवाले म्हणाले. “अहो, तुम्हीच ना! तरुण होतो तेव्हापासून मी तुम्हाला शोधतोय. पाटीवरचं नाव खोटं आहे, असं मी सगळ्यांना सांगायचो, कुणाला पटायचं नाही. तुम्हीच गायलात ना ते?”

सबंध आयुष्यात हा प्रश्न आत्याला कुणी विचारला नव्हता. तिनं मान वळवून भाच्याकडे बघितलं. तो दाराला धरून उभा होता आणि नाही म्हणू नकोस, अशी मान हलवत होता. त्याच्या मागं जिना होता, आणि जिन्याखाली गोदाम.

“नाही हो,” ती म्हणाली. “गाणारी कधीच वारली.”

“वारली?”

“सिनेमा लागायच्या आधीच.”

“असं होय,” पियानोवाले म्हणाले. मग अगदी हळू, “कुणी विचारलं तर मी तसंच सांगेन. पण तुम्ही जपून राहा, बाई. तिचा आवाज तुमच्या गळ्यात राहायला आलाय.”

“जपते,” आत्या म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.